बिननावाची जुनी रोड सायकल कुणाची? ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच जुन्या रेसर सायकलींवर नावाचं एक अक्षरही नसतं. कधीतरी कुणीतरी स्प्रेचा डबा घेऊन सगळी सायकल काळी केलेली असते, समोरचा बिल्ला गेलेला असतो आणि मालक म्हणतात, "इटालियन असावी." असं का वाटतं म्हणून विचारलं, तर बोट मागच्या डिरेलरकडे, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाकडे जातं. त्यावर काँपान्योलो या इटालियन कंपनीचं नाव कोरलेलं असतं.

डिरेलर एका बोल्टवर निघतो आणि चाकं त्याहून लवकर निघतात. चाळीस-पन्नास वर्षांत या वस्तू किती वेळा बदलल्या असतील कुणास ठाऊक. त्यामुळे सुट्या भागांचं म्हणणं आम्ही ऐकून घेतो, निकाल मात्र फ्रेम मोजल्यावरच देतो. फ्रेमचे आटे आणि नळ्यांचे व्यास सहसा कुणी बदलत नाही.

घरच्या घरी काय बघता येईल

सायकल उलटी करा. पेडलचा आस ज्या आडव्या नळकांड्यातून जातो त्याला बॉटम ब्रॅकेट शेल म्हणतात. त्याच्या पोटाखालचा चिखल-ग्रीस चिंधी आणि थोड्या रॉकेलने पुसा. पॉलिश पेपर लावू नका, कारण हलक्या हाताने ठोकलेले आकडे त्याने कायमचे जातात. रंगाचे थर जाड असतील तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासा, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तशी. डोळ्यांना न दिसणारा क्रमांक पुष्कळदा कागदावर उमटतो. तिथे काही नसेल तर सीटखालचा लग (नळ्या जोडणारं कोंदण), मागच्या चाकाचा आस बसतो ते ड्रॉपआऊट आणि हँडलखालची नळी बघा.

नुसतं ५६ किंवा ५७ दिसलं तर तो बहुधा फ्रेमचा सेंटिमीटरमधला साइज असतो. बऱ्याच इटालियन फ्रेमवर त्याखेरीज दुसरा आकडाच नसतो. मोठ्या कारखान्यांची मांडणी ठरलेली असे. अमेरिकेच्या श्विन कंपनीच्या क्रमांकात १९६५पासून पहिलं अक्षर महिन्याचं आणि दुसरं वर्षाचं आहे. १९७०च्या दशकातल्या इंग्लंडच्या राले सायकलींवर पहिलं अक्षर कारखान्याचं येतं, म्हणजे एन असेल तर नॉटिंगहॅम आणि डब्ल्यू असेल तर वर्कसॉप.

लगांची नक्षीही बघा. पत्त्यांतला किलवर कोरलेला असेल तर कोल्नागोची शंका घ्यायला हरकत नाही, बदाम असेल तर डी रोसाची; दोन्ही इटालियन. पण नुसती वळणदार, नाजूक नक्षी बघून हुरळून जाऊ नका. फ्रान्सच्या नर्वेक्स कंपनीचे तयार लग अनेक देशांतले कारागीर विकत घेऊन वापरत. ड्रॉपआऊटवरच्या छापाचंही तसंच. ड्रॉपआऊट काँपान्योलोचं असलं तर फ्रेम बनवणाऱ्याने चांगल्या मालावर पैसे खर्च केले एवढंच कळतं. सिम्प्लेक्स किंवा ह्यूरे हे छाप दिसले तर मात्र आमची नजर फ्रान्सकडे वळते.

सीटचा दांडा बरंच काही सांगतो

दांडा बाहेर काढला की त्यावर सहसा व्यास ठोकलेला दिसतो. समजा तो २७.२ मि.मी. आहे आणि सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास २८.६ आहे. फरक १.४, तो दोन बाजूंना वाटला की नळीची भिंत तिथे ०.७ मि.मी.पेक्षाही कमी भरते. एवढी पातळ भिंत रेनॉल्ड्स ५३१ किंवा कोलंबस एसएल अशा उंची पोलादाची असते. त्याच नळीत २६ मि.मी.चा दांडा बसत असेल तर भिंत सव्वा मि.मी.च्या आसपास गेली, म्हणजे साधं पोलाद. फसायची जागाही इथेच आहे. आधीच्या मालकाने बारीक दांडा घालून बोल्ट आवळून भागवलेलं असतं. लगाचे दोन्ही कान एकमेकांना टेकलेले दिसले तर त्या दांड्यावर विश्वास ठेवू नका.

सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास २८ मि.मी. आणि वरच्या आडव्या नळीचा २६ भरला, तर सायकल फ्रेंच असण्याची शक्यता खूपच वाढते. इंग्लंड, इटली आणि जपानमध्ये नळ्या इंचाच्या मापात होत्या, म्हणजे २८.६ आणि २५.४. रंगामुळे माप थोडं वाढतं, तरी हा फरक व्हर्नियरवर लपत नाही. हँडलचा स्टेम, म्हणजे फ्रेममध्ये जाणारा दांडा, फ्रेंच सायकलीत २२.० मि.मी.चा, बाकीच्यांत २२.२ मि.मी.चा. म्हणूनच "नवा स्टेम आत जातच नाही" ही तक्रार आली की आमचा पहिला प्रश्न असतो, सायकल फ्रेंच आहे का?

बॉटम ब्रॅकेटचे आटे

हे काम घरी करू नका. आम्ही सुरुवातीच्या दिवसांत केलेली चूक सांगतो. एका सायकलीचा उजवा कप (शेलच्या तोंडात आट्यांवर बसणारी, आस धरणारी वाटी) इंग्लिश समजून आम्ही लांब पाना लावला आणि घड्याळाच्या दिशेने दोघांनी मिळून जोर काढला. इंग्लिश पद्धतीत उजव्या बाजूला उलटे आटे असतात, तिथे ते बरोबरच होतं. ही फ्रेम निघाली इटालियन. दोन्हीकडे सरळ आटे, म्हणजे आम्ही अर्धा तास कप आवळत बसलो होतो.

तेव्हापासून आधी शेलची रुंदी मोजतो. ७० मि.मी. असेल तर बहुतेक इटालियन, आटे ३६ मि.मी. व्यासाचे आणि इंचाला २४. ६८ असेल तर इंग्लिश, फ्रेंच, स्विस यांपैकी काहीही असू शकतं. मग डावा कप काढतो, कारण त्याचे आटे चारही पद्धतींत सरळच असतात. इंग्लिश कप १.३७ इंचाचा, म्हणजे ३४.८ मि.मी., तर फ्रेंच ३५. एवढ्याशा फरकासाठी व्यासावर न विसंबता आट्यांवर गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) ठेवून उजेडात धरतो. इंग्लिशला इंचाला २४ आटे, फ्रेंचला दर मि.मी.ला एक. चुकीचा गेज पहिले काही आटे बसल्यासारखा वाटतो, पुढे फट दिसू लागते. फ्रेंच आणि स्विस यांची मापं सारखीच, फक्त स्विसचा उजवा कप उलट्या आट्यांचा. सुदैवाने पुष्कळ कपांच्या तोंडावर ३५ × १ किंवा ३६ × २४ असं छापलेलं असतं आणि मग एवढा खटाटोप वाचतो. नॉटिंगहॅमच्या साध्या राले सायकलींत इंचाला २६ आट्यांचा स्वतंत्र प्रकारही सापडतो.

इंग्लिश आटे निघाले म्हणून सायकल इंग्लंडची ठरत नाही. जपाननेही तेच घेतले. शिवाय नाव एकाचं आणि कारखाना दुसऱ्याचा हे सर्रास चाले. सेंच्युरियन हे नाव अमेरिकेतलं, सायकली जपानमध्ये बनलेल्या. युनिव्हेगाच्या अनेक सायकली जपानच्या मियाताच्या कारखान्यातल्या.

साल कसं ठरवतो

मागच्या ड्रॉपआऊटमधलं अंतर मोजतो. १२० मि.मी. म्हणजे पाच चकत्यांच्या फ्रीव्हीलचा काळ, १२६ म्हणजे सहा-सात चकत्यांचा, आणि १३० म्हणजे साधारण १९९० किंवा त्यानंतरची. (फ्रेम ताणून हे अंतर वाढवता येतं, म्हणून तेवढ्यावर थांबत नाही.) वरच्या नळीवर ब्रेकची केबल क्लिपांनी धरलेली आणि बाटलीच्या स्टँडला एकही भोक नाही, तर सायकल बहुधा १९७०च्या दशकातली किंवा त्याआधीची. दोन बाटल्यांची भोकं आणि आत बुडालेला एलन बोल्टचा ब्रेक असेल तर ८०च्या दशकात या.

भागांवरच्या तारखा इथे कामी येतात. शिमानोच्या भागांवर मागच्या बाजूला दोन बारीक अक्षरं असतात. पहिलं वर्षाचं, ए म्हणजे १९७६ धरून पुढे, आणि दुसरं महिन्याचं. 'आयएफ' वाचलं की तो भाग जून १९८४चा. काँपान्योलोच्या जुन्या रेकॉर्ड डिरेलरवर पेटंट या शब्दापुढे सालाचे दोन आकडे असतात. एका भागाची तारीख आम्ही धरत नाही. ब्रेक, क्रँक आणि हब तिघंही एकाच वर्षाच्या आसपासचं बोलू लागले, तर ते फ्रेमसोबतच आलेले असावेत असं मानतो.

शेवटी पुढचं चाक धरणारा चिमटा (फोर्क) काढून आत बघतो. त्याच्या दांड्यात खालच्या टोकाला मळसूत्रासारख्या उंच रेषा दिसल्या तर नळी कोलंबसची. हेडसेटच्या, म्हणजे हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगच्या, कपाखाली मूळ रंगाची बांगडीएवढी पट्टी बऱ्याचदा शाबूत असते, स्प्रे तिथे पोचलेला नसतो.

अहवालात काय मिळेल

देश, दशक आणि नळीचा दर्जा एवढं आम्ही बहुतेक वेळा सांगू शकतो. बनवणाऱ्याचं नाव एकमेकांवर अवलंबून नसलेल्या निदान दोन खुणा जुळल्या तरच लिहितो, एकच जुळली तर "शक्यता" असं लिहितो. मध्यंतरी काँपान्योलो डिरेलरची एक "इटालियन" सायकल आली होती. शेल ६८, नळी २८, स्टेम २२.०, आणि उजवा कप स्विस पद्धतीने उलटा उघडला. अशा वेळी आधी मोटोबेकान ही फ्रेंच कंपनी आठवते. पण बिल्ल्याची भोकं भरलेली होती आणि क्रमांक घासून गेलेला, म्हणून अहवालात 'फ्रेंच, १९७०च्या दशकाचा उत्तरार्ध, मोटोबेकान असण्याची शक्यता' एवढंच गेलं. मालक थोडे हिरमुसले. नाव नसलेल्या फ्रेमवर आम्ही कुणाचेही स्टिकर लावून देत नाही, आग्रह झाला तरी.

सायकल आणताना काढून ठेवलेले जुने भागही आणा, वाकडा सीटचा दांडा आणि गंजलेले कपसुद्धा. घट्ट बसलेला दांडा हातोडीने ठोकून काढू नका, तसाच आणा. आणि दाखवून होईपर्यंत कृपया नवा रंग देऊ नका.