चक्रीवादळाची पूर्वतयारी व मागोवा (ठाणे–नवी मुंबई)

अरबी समुद्रातले चक्रीवादळ कोकण किनाऱ्याकडे सरकू लागले की ठाणे व नवी मुंबईतील रहिवासी, गृहनिर्माण संस्था, कोळीवाडे आणि पालिका जी खबरदारी घेतात व वादळाच्या वाटेवर जी नजर ठेवतात, तिची ही नोंद. (डिसेंबर २०११ मध्ये कडलूर–पुद्दुचेरी किनाऱ्यावर धडकलेल्या ‘ठाणे’ चक्रीवादळाचा या शहराशी काही संबंध नाही, ते नाव म्यानमारने सुचवले होते.)

ही दोन्ही शहरे खुल्या समुद्रावर नाहीत. ठाणे साष्टी बेटाच्या पूर्व कडेला, नवी मुंबई खाडीपलीकडे. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याला खुला किनारा उरला तो भाईंदरजवळच्या उत्तन पट्ट्यापुरता. म्हणून येथे लाटांपेक्षा वाऱ्याची, पावसाची आणि खाडीच्या पाण्याची चिंता जास्त. त्यातही नवी मुंबईचा प्रश्न निराळा आहे. वाशी, बेलापूर या भागांत बरीचशी वस्ती भरावाच्या सखल जमिनीवर आहे. तिच्यासाठी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने धारण तलाव बांधले. खाडीला भरती आली की तलावाच्या झडपा मिटतात, शहरातले पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला बाहेर जाते. वादळामुळे फुगलेली खाडी वेळेवर उतरली नाही, तर हे गणित कोलमडते. बऱ्याच तलावांत गाळ साचून खारफुटी वाढली आहे, आणि खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्याने गाळ काढण्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळते.

अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात: पावसाळ्याच्या तोंडावर मे–जून आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किमी झाला की वादळाला नाव मिळते. नावांची यादी १३ देशांनी मिळून केली आहे. भारतीय हवामान विभाग चार टप्प्यांत इशारे देतो. सुमारे ७२ तास आधी पहिली सूचना, ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी नारिंगी आणि जमिनीवर येण्याच्या १२ तास आधी लाल. नागरिक मात्र बहुधा रंग तेवढा पाहतात आणि मजकूर वाचत नाहीत. त्याच रंगांचे पावसाचे जिल्हावार इशारे वेगळे निघतात, त्यामुळे गोंधळात भरच पडते.

मागोवा घेण्याची साधने आता प्रत्येकाच्या खिशात आहेत. हवामान विभागाची दर तीन तासांची पत्रके, कुलाबा व वेरावली येथील रडारची चित्रे, ‘विंडी’सारखी वाऱ्याचे भोवरे दाखवणारी ॲप आणि ‘सचेत’ या सरकारी आपत्ती-इशारा ॲपवरच्या सूचना. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एखादे काका रात्रभर रडारची चित्रे टाकत असतात आणि त्यांच्यासोबतच चार वर्षांपूर्वीचा, भलत्याच देशातला व्हिडिओही फिरत असतो. या सगळ्यात नकाशावरच्या एका रेघेला अवाजवी महत्त्व मिळते. रेघ म्हणजे केंद्राचा अंदाजे मार्ग. तिच्याभोवतीचा रुंदावत जाणारा पट्टा अंदाज किती चुकू शकतो ते सांगतो. शिवाय केंद्र किती जवळून जाते, यापेक्षा शहर वादळाच्या कोणत्या अंगाला येते हे अधिक निर्णायक ठरते. उत्तर गोलार्धात वारे केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे वाटचालीच्या उजव्या अंगाला वाऱ्यात वादळाची स्वतःची गतीही मिसळते आणि तो जास्त जोरकस असतो.

गेल्या काही वर्षांतली दोन वादळे शेजारी ठेवली की हे स्पष्ट होते. ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले. रायगडात श्रीवर्धन, मुरूड भागातल्या सुपारीच्या आणि नारळाच्या बागा झोपल्या. ठाणे मात्र त्याच्या डाव्या अंगाला पडले आणि तुलनेने थोडक्यात बचावले. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात ‘तौक्ते’ महाराष्ट्राच्या किनाऱ्याला टेकलेही नाही. ते समुद्रातूनच उत्तरेकडे सरकत १७ मेच्या रात्री गुजरातेत दीवजवळ धडकले. तरी मुंबई परिसर त्याच्या उजव्या अंगाला होता. कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी ११४ किमीपर्यंत गेले. ठाण्यात आणि नवी मुंबईत झाडे मोटारींवर कोसळली, पत्रे उडाले. नकाशावरची रेघ दूर सरकली म्हणून त्या दिवशी सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्यांची चांगलीच फसगत झाली. त्याआधीच्या ‘फयान’ (नोव्हेंबर २००९) आणि ‘ओखी’ (डिसेंबर २०१७) यांची आठवण शहरी भागात अवकाळी पावसापुरतीच आहे. फयानची खरी झळ कोकणातल्या मच्छीमारांना बसली.

कोळीवाड्यांचा मागोवा वेगळ्या वाटेने चालतो. चेंदणी, दिवाळे, सारसोळे, दिवा येथील जुनी माणसे आधी तिथी पाहतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: एकादशीला सव्वाआठ, अष्टमीला सहा. हा हिशेब मुंबई किनाऱ्याचा. खाडीतून ठाण्यापर्यंत पाणी चढायला त्याहून वेळ लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण (मोठी भरती), अष्टमीच्या आसपास भांग (लहान भरती). वादळ उधाणात आले तर धोका दुप्पट. निसर्ग वटपौर्णिमेच्या दोनच दिवस आधी, म्हणजे उधाण चढत असताना आले होते, पण सकाळची भरती होऊन गेल्यावर. बंदरावर तीन नंबरचा बावटा (धोक्याचा इशारा) लागला की होड्या खाडीत आत ओढून घेतात, नांगराला जादा दोर देतात, जाळी आणि इंजिने घरी नेतात. १ जूनपासून मासेमारी बंदी असल्याने जूनमधल्या वादळात बहुतेक होड्या आधीच किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या (झाकून ठेवलेल्या) असतात. मेमधले वादळ म्हणूनच जास्त जीवघेणे.

इमारतींमधली तयारी गच्चीपासून सुरू होते आणि खरे तर तिथेच अर्धी संपायला हवी. पावसाळी पत्र्याच्या शेडचे नट कसणे, सुटे पत्रे, कुंड्या, जुनी टाकी, डिश अँटेना उतरवणे हे काम कंटाळवाणे असल्याने शेवटच्या दिवसावर ढकलले जाते, आणि शेवटच्या दिवशी फॅब्रिकेटर फोन उचलत नाही. खिडकीच्या काचांवर चिकटपट्टीची फुली मारण्याचा प्रकार लोकप्रिय असला तरी काच फुटणे त्याने थांबत नाही. खिडकी घट्ट लावून, पडदा ओढून तिच्यापासून लांब बसणे जास्त उपयोगाचे. पाण्याच्या टाक्या आदल्या रात्री भरून ठेवतात, कारण वीज गेली की पंप आणि लिफ्ट दोन्ही बंद. तळघरातल्या गाड्या वर आणण्याची सवय मात्र चक्रीवादळांनी लावलेली नाही. ती २६ जुलै २००५ च्या महापुराची देणगी.

रस्त्यावरचा मोठा धोका झाडांचा. गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष ही भराभर वाढणारी झाडे पदपथाच्या काँक्रीटमध्ये बुंध्यापर्यंत जखडलेली असतात. त्यांची मुळे पसरत नाहीत. पालिकेचा उद्यान विभाग मे महिन्यात फांद्या छाटतो, पण एकाच बाजूने केलेली छाटणी झाडाचा तोल उलट बिघडवते. जाहिरातफलकांकडे सगळ्यांचे लक्ष गेले ते मे २०२४ मध्ये घाटकोपरला फलक कोसळल्यावर, आणि तेही चक्रीवादळ नव्हते, वळवाचे वादळ होते.

ठाण्यात पालिकेचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष व ठाणे आपत्ती प्रतिसाद दल (टीडीआरएफ) काम पाहतात. ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक इमारतींतल्या लोकांना हलवणे हे त्यांचे सर्वांत अवघड काम, कारण घर एकदा सोडले की परत मिळेल का, ही रहिवाशांची धास्ती वाऱ्याच्या धास्तीहून मोठी असते. नवी मुंबईकरांनी ध्यानात ठेवण्याची बाब प्रशासकीय आहे: ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, पनवेल, उरण रायगडात. एकाच सलग शहराला त्यामुळे दोन जिल्ह्यांचे दोन वेगळे इशारे आणि सुट्टीचे दोन वेगळे आदेश लागू होऊ शकतात. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ दोन्हीकडे तोच.

वादळ सरल्यावर लोक लगोलग आवराआवर करतात, पण घराची पडझड झाली असेल तर आधी छायाचित्रे काढून तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा लागतो. सरकारी मदतीचा दावा त्या कागदावर उभा राहतो. लोंबकळणाऱ्या तारांना हात न लावता महावितरणला कळवतात, कळवा–मुंब्रा भागात टोरंट या खासगी वीज कंपनीला.