रेड बॅरन : दिलदार सरदार की थंड डोक्याचा शिकारी?

पहिल्या महायुद्धातील जर्मन वैमानिक मान्फ्रेड फॉन रिश्टहोफेन, म्हणजेच ‘रेड बॅरन’, हा शत्रूलाही जीवदान देणारा आकाशातला दिलदार सरदार होता, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. या प्रतिमेचे मूळ बऱ्याच अंशी 1917 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मचरित्रात असून, ते युद्धप्रचारासाठी लिहवून घेतलेले आणि लष्करी नजरेखालून गेलेले होते, हे विसरून चालत नाही. तरीही त्या पुस्तकात तो स्वतःला शिकारी म्हणवतो आणि एखादा इंग्रज पाडला की शिकारीची हौस पाव तास भागते, असे मोकळेपणाने लिहितो. पाडलेल्या विमानांची आठवण म्हणून तो बर्लिनच्या जवाहिऱ्याकडून चांदीचे छोटे पेले करून घेई, त्यांवर तारीख आणि विमानाचा प्रकार कोरलेला असे. साठ पेल्यांनंतर चांदीच मिळेनाशी झाली. मला हे पेलेच सर्वांत बोलके वाटतात.

मात्र त्याला निव्वळ क्रूर ठरवणेही अन्यायाचे होईल. पहिल्या बळींच्या थडग्यावर दगड ठेवल्याचे त्यानेच लिहिले आहे. जुलै 1917 मध्ये डोक्याला गोळी लागल्यानंतर मात्र त्याचा सूर पार बदलला: प्रत्येक झुंजीनंतर मन खिन्न होते, असे त्याने नोंदवले आणि आपल्याच पुस्तकातला उद्दामपणा त्याला खटकू लागला. 21 एप्रिल 1918 रोजी तो पडला, तेव्हा ऐंशी विमाने त्याच्या नावावर होती.