कानाखालची गाठ आणि ‘रक्तातच आहे’ ही समजूत

खानापूर, निपाणीकडं अजून ऐकू येतं, “त्यांच्या रक्तातच कॅन्सर हाय, तिथं सोयरीक नको.” माझ्या मावशीच्या कानाच्या पाळीपुढं हरभऱ्याएवढी गाठ आली. ती लाळग्रंथीच्या कॅन्सरची निघाली, आणि तिच्या लेकीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. फार जिव्हारी लागलं ते.

हा कॅन्सर ॲसिनिक सेल कार्सिनोमा, दुर्मीळ. त्यात बहुतेकदा पेशीतल्या ४ आणि ९ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. लाळेतली प्रथिनं बनवणारी जनुकं ज्या जोरकस स्विचांमुळं चालू राहतात, ते स्विच एनआर४ए३ या जनुकाजवळ येऊन बसतात. जनुकाची अक्षरं तीच राहतात, पण झोपलेलं जनुक जागं होतं. २०१९ साली हे उलगडलं.

हा बदल जन्मानंतर, त्या ग्रंथीतल्याच पेशीत घडतो. बीजांडात वा शुक्राणूत तो नसतो, मग लेकीत उतरणार कुठून? स्तनाचे काही कॅन्सर घराण्यात चालतात, हे खरं. हा त्यातला नव्हे. उष्ट्यातूनही लागत नाही. मावशीचं ताट घरात अजून वेगळं ठेवतात, ते आधी बंद करा.