थरारपटातील ध्वनी व संगीत

पुढे काय घडणार ही प्रेक्षकाची उत्कंठा जागवण्यासाठी, ताणून धरण्यासाठी किंवा नेमक्या क्षणी फोडण्यासाठी चित्रपटात केलेली ध्वनियोजना. तिच्यात पार्श्वसंगीत येते, तसेच पात्रांनाही ऐकू येणारे संगीत (शीळ, रेडिओ, गाणे), पावले, दरवाजे, घड्याळ यांचे आवाज आणि हेतुतः राखलेली शांतताही येते. उत्कंठा आणि धक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने 1962 मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो याच्याशी झालेल्या प्रदीर्घ संभाषणात हा भेद टेबलाखालच्या बाँबच्या दृष्टांताने मांडला. बाँब अचानक फुटला, तर प्रेक्षकाला क्षणभराचा धक्का बसतो. तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल आणि पात्रांना नसेल, तर साध्या गप्पाही असह्य होतात. ध्वनीचे काम या भेदावरच चालते : कोणाला काय ऐकू येते आणि कोणाला येत नाही, याची वाटणी म्हणजेच उत्कंठेची ध्वनियोजना.

उगम : भयसूचक संगीताची सर्वांत ओळखीची खूण म्हणजे तंतुवाद्यांवरील कंपन, म्हणजे एकाच स्वरावर गज भरभर पुढेमागे फिरवणे. त्याच्या आरंभाविषयी एकमत नाही. इटालियन संगीतकार क्लाउडिओ मोंतेव्हर्दी याने व्हेनिस येथे 1624 मध्ये सादर झालेल्या तांक्रेदी व क्लोरिंदा यांच्या द्वंद्वावरील रचनेत दीर्घ स्वराचे सोळा द्रुत आघातांत तुकडे केले. ही रचना 1638 मध्ये छापताना त्याने प्रस्तावनेत या ‘क्षुब्ध शैली’चे जनकत्व स्वतःकडे घेतले. एकच तार सोळा वेळा छेडणे वादकांना प्रथम हास्यास्पद वाटले, अशी नोंदही त्याने केली आहे. मात्र ब्याजिओ मारिनी या दुसऱ्या इटालियन संगीतकाराच्या 1617 मधील संग्रहात गजाने कंपन करण्याची सूचना आढळते, म्हणून काही अभ्यासक अग्रमान मारिनीला देतात. मारिनीचे कंपन बहुधा ऑर्गनच्या थरथरत्या स्वराचे अनुकरण असावे आणि ते एकाच ओढीत गजाचा दाब कमीजास्त करून काढत असावेत. तसे असेल तर दोन्ही क्रिया भिन्न ठरतात. क्षोभ आणि भीती यांच्याशी या तंत्राचा जाणीवपूर्वक संबंध जोडण्याचे श्रेय मोंतेव्हर्दीला देणे अधिक सयुक्तिक दिसते. पुढे कार्ल मारिया फोन व्हेबर या जर्मन संगीतकाराच्या 1821 मध्ये बर्लिनला रंगमंचावर आलेल्या ऑपेरातील दरीच्या प्रवेशात कंपन, क्लॅरिनेटचे मंद्र (खालच्या सप्तकातले) स्वर आणि अस्थिर स्वरसंघात (एकाच वेळी वाजणारे अनेक स्वर) एकत्र आले. एकोणिसाव्या शतकातील अतिनाट्यांच्या (भडक भावनांच्या नाटकांच्या) वाद्यवृंदांनी तोच मसाला उचलला.

मूकपटांच्या काळात हा मसाला छापील संग्रहांतून चित्रपटगृहांतील पियानोवादकांपर्यंत पोहोचला. जे. एस. झामेचनिक याच्या 1913 मधील संग्रहात चोराच्या प्रवेशासाठी खास तुकडा आहे. जुझेप्पे बेचे (1919 पासून) आणि एर्नो रापे (1924) यांनी अशा तुकड्यांची प्रसंगवार वर्गवारी केली. आपल्याकडील चित्रपटगृहांत याच सुमारास तबला-पेटीची साथ असे.

बोलपटाचा आरंभ : ध्वनी आल्यावर संगीत वाढले, पण त्याहून मोठा फरक म्हणजे ध्वनी कथेचा पुरावा बनू शकला. फ्रिट्झ लांग याच्या ‘एम’ (1931) या जर्मन चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. लहान मुलींचा खुनी एडवर्ड ग्रीग या संगीतकाराची एक धून शिळेवर वाजवतो आणि फुगे विकणारा आंधळा त्याला त्या शिळेवरूनच ओळखतो. खुन्याची भूमिका करणाऱ्या पेटर लोरे या नटाला शीळ घालता येत नसल्याने ती स्वतः लांगनेच घातली, असे सांगितले जाते. हिचकॉकच्या ‘ब्लॅकमेल’मध्ये (1929) शेजारीण बडबडत असताना तिच्या बोलण्यातील बाकीचे शब्द पुसट होत जातात आणि ‘सुरी’ हा एकच शब्द नायिकेच्या कानावर आदळत राहतो. ऐकणाऱ्याचे मन ध्वनीतून दाखवण्याचा इतका धीट प्रयोग त्या वर्षी दुसरा क्वचितच सापडेल.

या काळात ध्वनिपट्टीला मर्यादाही होत्या. फिल्मच्या कडेला प्रकाशाने मुद्रित होणाऱ्या पट्टीवर फार खालचे आणि फार वरचे आवाज नीट उतरत नसत. पट्टीवरची खरखर झाकण्यासाठी हॉलीवुडने 1938 मध्ये ठरवलेल्या मानकाने वरच्या पट्टीतले आवाज आणखी दाबले. दाराची करकर, पावले, शीळ हे मधल्या पट्टीतले ध्वनी जुन्या रहस्यपटांत वारंवार का येतात, याचे एक कारण इथे असावे. पोटात गोळा आणणारी खोल घरघर सत्तरच्या दशकात सुधारित ध्वनिप्रणाली आल्यावरच चित्रपटगृहांत खऱ्या अर्थाने शक्य झाली.

हर्मनची तंतुवाद्ये : या विषयाची कोणतीही चर्चा ‘सायको’पाशी (1960) थांबतेच. संगीतकार बर्नार्ड हर्मन याने संपूर्ण चित्रपटासाठी केवळ तंतुवाद्यांचा वृंद वापरला. कृष्णधवल चित्राला एकाच रंगाचा नाद, अशी त्यामागची कल्पना त्याने सांगितली आहे. हर्मनच्या मुलाखतींनुसार स्नानगृहातील खुनाच्या प्रसंगाला संगीत नको, असे हिचकॉकचे आधी मत होते. हर्मनने तरीही रचना केली, ती ऐकल्यावर हिचकॉकने मत बदलले. ही हकिकत मुख्यतः हर्मनच्या बाजूने आलेली आहे, तरी तिच्या गाभ्याविषयी शंका घेण्याचे सबळ कारण नाही.

तांत्रिकदृष्ट्या त्या प्रसंगाचे सामर्थ्य आधीच्या संयमात आहे. चित्रपटभर वाद्यांच्या घोडीवर नाद मंद करणारी चाप बसवलेली आहे. या एका प्रसंगात ती काढलेली आहे. व्हायोलिने तार सप्तकाच्या टोकाला एकामागून एक शिरतात आणि परस्परांशी तीव्र विसंवादी अंतर राखून स्वरांचा डोलारा उभा करतात. प्रत्येक आघात खालून वर घसटत जातो, त्यामुळे तो किंकाळीसारखा भासतो. मग सारे एकदम चेलो आणि डबल बास यांच्या मंद्र, विलंबित स्वरांवर कोसळते. इथे सुरावट अशी नाहीच. भारतीय कानाला हे विशेष जाणवावे, कारण रागातला विवादी (रागाशी न जुळणारा) स्वरही कुठेतरी सामावला जातो. इथे त्याला घर मिळत नाही. मात्र हा प्रसंग मुख्यतः धक्क्याचा आहे. उत्कंठा त्याआधी, नायिका पावसात गाडी चालवत असताना वाजणाऱ्या अखंड ठेक्यात आहे.

हिचकॉकने पुढच्याच चित्रपटात, ‘द बर्ड्स’मध्ये (1963), रूढ पार्श्वसंगीत पूर्ण वगळले. पक्ष्यांचे बरेचसे आवाज ऑस्कर झाला आणि रेमी गासमान यांनी ट्राउटोनियम या जर्मन विद्युत वाद्यावर निर्माण केले. हर्मनचे नाव तिथे ध्वनिसल्लागार म्हणून आहे.

सूचना आणि फसवणूक : संगीतकार जॉन विल्यम्स याने ‘जॉज’ या शार्कच्या हल्ल्यांवरील चित्रपटासाठी (1975) अर्धस्वराच्या अंतरावरचे दोनच स्वर वापरले. लय वाढली की शार्क जवळ आला. या संगीताचा मान त्याच्या प्रामाणिकपणात आहे : दोन मुले शार्कच्या पाठीवरच्या पंखासारखा पुठ्ठा लावून खोटी दहशत घालतात, तेव्हा ते वाजत नाही. प्रेक्षकाचा विश्वास असा कमावल्यावर पुढे खरा शार्क संगीताविना अचानक वर येतो. उलट प्रकारची युक्ती ‘कॅट पीपल’मधली (1942). रात्री एकट्या स्त्रीच्या मागून येणारी पावले थांबतात, शांतता ताणली जाते आणि हिंस्र फूत्कार वाटावा असा आवाज करीत बस समोर येऊन थांबते. संकलक मार्क रॉबसन याची ही क्लृप्ती निर्माता व्हाल ल्यूटन याच्या नावाने ओळखली जाते. तिची पुढे झालेली अमाप नक्कल बहुतांशी आळशी आहे.

शांततेचे उत्तम उदाहरण ‘रिफिफी’ (1955) हा फ्रेंच चित्रपट. त्यातील सुमारे अर्ध्या तासाच्या दरोड्यात संवाद नाहीत आणि संगीतही नाही. छिन्नीचा, दोराचा, श्वासाचा आवाज तेवढा ऐकू येतो.

भीती उपजत असते का, याबाबत डॅनियल ब्लमस्टाइन या प्राणिशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह 2010 मध्ये शंभराहून अधिक चित्रपटांच्या ध्वनिपट्ट्या तपासल्या. प्राण्यांच्या आर्त हाकेतला खरखरीत, फाटलेला नाद भयपटांत अपेक्षेपेक्षा जास्त आढळला. कानाला न ऐकू येणाऱ्या अतिमंद्र लहरींनी भीती निर्माण होते, हा दावा त्या मानाने कच्चा आहे. अखंड चढत राहिल्याचा भास देणारा, 1964 मध्ये रॉजर शेपर्ड याने वर्णिलेला स्वरभ्रम मात्र अलीकडे, विशेषतः ‘डंकर्क’मध्ये (2017), परिणामकारक ठरला आहे.

भारतीय चित्रपट : येथे उत्कंठेचे मुख्य साधन पार्श्वसंगीतापेक्षा गाणे राहिले. बाँबे टॉकीजच्या ‘महल’मधील (1949) खेमचंद प्रकाश यांचे ‘आयेगा आनेवाला’ हे त्या प्रथेचे मूळ मानले जाते. ठेक्याविना, संथ ओळींनी आरंभ होतो. आवाज दुरून येत येत जवळ होतो. ध्वनिमुद्रणाच्या वेळी लता मंगेशकर लांबून चालत मायक्रोफोनपाशी आल्या, ही हकिकत सर्वश्रुत आहे. नायकाला आवाज ऐकू येतो, गाणारी सापडत नाही. मूळ ध्वनिमुद्रिकेवर गायिकेऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव होते, त्यामुळे पडद्याबाहेरही ते गूढ काही काळ टिकले. ‘बीस साल बाद’ (1962) आणि ‘वो कौन थी’ (1964) यांनी हीच वाट रुंद केली. गाणी पूर्णपणे वगळणारे ‘कानून’ (1960) आणि ‘इत्तेफाक’ (1969) अपवाद ठरले. रामगोपाल वर्मा यांच्या ‘कौन’मध्येही (1999) गाणी नाहीत, एका घरातली पावसाळी शांतता आणि दारावरची घंटा एवढ्यावर भीती उभी राहते.

मराठीत राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’मध्ये (1964) ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ या गाण्याला उत्कंठा जागवण्याचे हेच काम आहे. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, दत्ता डावजेकरांची चाल आणि आशा भोसले यांचा स्वर यांतून प्रेमगीत आणि पाठलागाची धमकी यांतली सीमाच पुसली जाते. ‘मेरा साया’ (1966) या हिंदी आवृत्तीत मदनमोहन यांनी त्याच जागी नवे गाणे योजले. हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत असलेल्या ‘हा खेळ सावल्यांचा’मध्ये (1976) ‘रात्रीस खेळ चाले’ हे गाणे आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या मराठी दूरचित्रवाणी मालिकेने त्याच शब्दांचे नाव घेतले.