सायकलवर घाट चढण्याचं तंत्र

चढावर सायकल हाणताना बहुतेक ताकद जाते ती वजन वर न्यायला. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले आणि ८ टक्के चढ ताशी १० किमीने चढायचा म्हटला तर नुसत्या उंचीपायीच साधारण १७५ वॉट लागतात, हवेचा अडथळा त्या वेगाला किरकोळच, त्यामुळे हँडलवर वाकून बसण्यापेक्षा छाती मोकळी ठेवून श्वास नीट घेणं महत्त्वाचं.

शर्यतीत डोंगर पहिल्यांदा कधी आला यावर मतभेद आहेत. बऱ्याच ठिकाणी टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या मोठ्या सायकल शर्यतीतला पहिला डोंगर म्हणून १९०५ चा बॅलाँ दाल्सास सांगतात, तिथे रने पॉतिए सगळ्यात आधी माथ्यावर पोचला होता. पण १९०३ च्या पहिल्याच टूरमध्ये लिओं-मार्सेय टप्प्यावर सेंतेतिएनजवळची कोल द ला रेपुब्लिक ही ११६१ मीटरची खिंड लागली होती, म्हणजे उंची जवळपास तेवढीच, त्यामुळे १९०३ हेच साल जास्त पटतं. १९०५ ला गाजावाजा जास्त झाला एवढंच. याच सेंतेतिएनचे पॉल द व्हिव्ही एकापेक्षा जास्त गिअरचा आग्रह धरत होते, तर टूरचे आयोजक देग्रांज त्याच्या विरोधात, आणि डिरेलरला, म्हणजे चालत्या सायकलवर चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला, टूरमध्ये परवानगी मिळाली थेट १९३७ मध्ये. तोवर मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन दातेरी चकत्या असायच्या, पायथ्याशी उतरून चाक काढायचं, उलटं बसवायचं. उभं राहून जड गिअर रेटायची पद्धत बहुधा या मजबुरीतूनच मुरली असावी.

आता बसून, हलक्या गिअरवर, मिनिटाला पॅडलच्या ७०-९० फेऱ्या हाच पाया मानतात आणि लांब घाटात ते बरोबरच आहे. गिअर चढ लागायच्या आधीच टाकायचा, चेनवर जोर असताना टाकला तर करकरते. उभं राहायचं ते थोडा वेळ, पाठ आणि मांड्या मोकळ्या करायला, आधी एक गिअर जड करून, आणि पॅडल वरून खाली यायला लागलं की त्याच दाबावर उठायचं, नाहीतर सायकल क्षणभर मागे येते आणि मागच्याचं पुढचं चाक आपल्या चाकाला लागतं. हेअरपिन वळणात आतली बाजू जास्त खडी असते, रस्ता मोकळा असेल तरच बाहेरून घ्यावं.

महाराष्ट्रात मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. शिंग्रोबाच्या देवळाच्या आसपास चढ चांगलाच अंगावर येतो, खोपोलीतूनच जोर लावला तर तिथे पोचायच्या आधीच पाय भरून येतात.