कुलूप बोटाला, तार मोकळी

परभणीच्या मोंढ्यात काकांची आडत होती. गादीशेजारी काळा, जड फोन आणि त्याच्या नंबर फिरवायच्या तबकडीच्या भोकात इवलंसं कुलूप. भाव विचारायला आलेला प्रत्येक जण "एक फोन लावू का?" म्हणायचा, म्हणून ही तजवीज. फोन येईल, पण इथून लागणार नाही.

आम्ही पोरं लावायचो. रिसीव्हर ज्या खुंट्यांवर ठेवतात, त्याच भराभर दाबायच्या. चारसाठी चारदा, जरा दम खायचा, सातसाठी सातदा. शून्याला मात्र दहादा. हात बसायला वेळ लागायचा. खुंटी जास्त वेळ दाबली की फोन ठेवला असं समजून लाइन कट.

फोनच्या एखाद्या संग्रहालयात उघडी करून ठेवलेली तबकडी दिसली, तर मागची बाजू नक्की बघा. बोटानं ओढताना नंबर जातच नाही, नुसती स्प्रिंग ताणली जाते. नंबर जातो तबकडी परत येताना. ती झपकन येऊ नये म्हणून आत वेग आवरणारा छोटा भोवरा असतो. त्याच्या लयीत तारेतला वीजप्रवाह सेकंदाला साधारण 10 वेळा तुटतो. पाचाला पाच तुटी, शून्याला दहा. खुंटीही तोच प्रवाह तोडते. फोन एकमेकांना जोडणारं केंद्र, म्हणजे एक्स्चेंज, फक्त तुटी मोजतं. कुणी तोडलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

हे मोजणारं यंत्र आल्मन स्ट्राउजर नावाच्या अमेरिकन माणसाचं. धंदा अंत्यविधीचं सामान पुरवण्याचा. फोन हातानं जोडून देणारी ऑपरेटरबाई आपली गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानाकडे वळवते, असा त्याला संशय होता म्हणतात. 1891 मध्ये त्यानं ऑपरेटरशिवाय जोडणी करणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळवलं, पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्टला तसं एक्स्चेंज सुरूही झालं. त्यातून पुढे घडलेल्या यंत्रात दर तुटीला विद्युतचुंबक एक दांडी पायरीभर वर उचलतो. पुढच्या आकड्याला तीच दांडी आडवी सरकते. दहा पायऱ्या, दर पायरीवर दहा जागा, म्हणजे शंभर फोन. सगळं खटखट आवाज करत.

वीजही एक्स्चेंजच्याच बॅटऱ्यांची, 48 व्होल्ट. म्हणून गावात लाइट गेली तरी आडतीतला फोन चालूच.

"काय करायलात रे?" काका एकदा मागून म्हणाले. बिल हातात होतं. दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि फोन कुलपासकट लाकडी पेटीत गेला.