बॉस हरतो, मग कार्ड कुठे जातं? डिजिटल कार्ड गेममधल्या बॉस-लढतींची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या कॅफेत किंवा सिडकोतल्या कट्ट्यावर हार्थस्टोन या ऑनलाइन कार्ड गेमची जुनी मंडळी आणि पोकेमॉन टीसीजी पॉकेट या नव्या कार्ड गेममधून आलेली नवी पोरं एकत्र बसली की एक वाद हमखास निघतो. पॉकेट आला 2024 च्या ऑक्टोबरात. पुढच्याच महिन्यात त्यात लाप्रासच्या डेकला हरवा आणि नशीब असेल तर लाप्रासचंच कार्ड मिळवा, असा इव्हेंट झाला. ज्यांची सुरुवात तिथून झाली त्यांना हार्थस्टोनमध्ये तासभर झुंजून बॉस (कॉम्प्युटर खेळवतो तो बलाढ्य शत्रू) पाडल्यावर हाती एखादं पॅक (आत कोणती कार्डं निघतील ते नशिबावर असलेलं पाकीट) किंवा कार्डाची नवी पाठ पडते, हे पटत नाही. जुने सांगतात की एके काळी बॉस हरला की ठरलेलं कार्ड मिळायचंच. ते खरं आहे. ती पद्धत का बंद पडली, हे कळायला 2014 ते 2020 ही वर्षं पाहावी लागतात.

पुढे तीन शब्द सारखे येतील: मॅना म्हणजे कार्ड खेळायला खर्च होणारी ऊर्जा, मिनियन म्हणजे कार्डातून पटावर उतरणारा लढवय्या आणि डेक म्हणजे डावासाठी निवडून बांधलेला कार्डांचा गठ्ठा.

बॉसची कल्पना अर्थातच हार्थस्टोनची नाही. मॅजिक: द गॅदरिंग हा कागदी कार्डांचा खेळ 1993 मध्ये आला आणि 1997 मध्ये त्याचा कॉम्प्युटर गेम निघाला. त्यात शांडालार नावाच्या जगात भटकत, वाटेत भेटणाऱ्या शत्रूंशी डाव खेळत, कार्डं जमवत शेवटी पाच रंगांच्या जादूगारांना गाठायचं होतं. 1998 मध्ये जपानात गेम बॉयवर पोकेमॉनचा कार्ड गेम आला. तिथे आठ क्लब मास्टर आणि त्यांच्यावर चार ग्रँड मास्टर होते. हे सगळं ऑफलाइन होतं. कार्डं त्या एका कार्ट्रिजमध्ये किंवा डिस्कमध्येच राहायची, त्यांचा बाजाराशी संबंध नव्हता. त्यामुळे बॉस हरवून कार्ड मिळालं काय किंवा न मिळालं काय, कोणाचं काही अडत नव्हतं.

अडायला लागलं ते कार्डं ऑनलाइन विकायला लागल्यावर.

हार्थस्टोन मार्च 2014 मध्ये अधिकृतपणे सुरू झाला आणि जुलैत नॅक्सरामास हे पहिलं साहस, म्हणजे एकट्याने खेळायच्या बॉस-लढतींचा संच, आलं. पाच विंग (भाग), पंधरा बॉस, दर आठवड्याला एक विंग उघडणार. माणसाविरुद्धच्या डावात दोन्ही बाजूंना नियम सारखे असतात: 30 कार्डं, 30 हेल्थ (जीव), 2 मॅनाची हिरो पॉवर (कार्डाशिवाय वापरता येणारी खास ताकद). बॉसच्या बाबतीत ही समानता मुद्दाम मोडली होती. त्याची हेल्थ बरेचदा जास्त, त्याच्याकडे तुम्हाला कधीच न मिळणारी कार्डं, आणि हिरो पॉवर अशी की माणसाच्या हाती दिली असती तर खेळच संपला असता. पॅचवर्ककडे तर डेकच नव्हता. हातात आकडा घेऊन तो थेट वार करायचा आणि मॅना जमला की समोरचा एक मिनियन फाडून टाकायचा.

ही असमानता हवीच होती, कारण कॉम्प्युटर पत्ते खेळायला कच्चा असतो. समोरच्याच्या हातात काय असेल याचा अंदाज तो बांधत नाही, दोन पाळ्या पुढचा विचार करत नाही, असलेला मॅना खर्च करून मोकळा होतो. बरोबरीच्या नियमांवर त्याला बसवलं तर महिनाभर खेळलेला कोणीही त्याला हरवेल. म्हणून त्याला अन्यायाचं बळ द्यायचं आणि तो अन्याय नेमका कुठे उलटवता येतो हे शोधण्याचं काम खेळणाऱ्यावर सोडायचं, अशी ती रचना होती.

पहिल्या विंगची शेवटची बॉस, मॅक्स्ना नावाची कोळीण, हिरोइक या अवघड पातळीवर कशी खेळते ते पाहा. तिची हिरो पॉवर फुकट आहे. दर पाळीला ती तुमचे दोन मिनियन जाळ्यात गुंडाळून पुन्हा तुमच्या हातात पाठवते. सहा मॅना घालून मोठा मिनियन उतरवला की पुढच्या पाळीत तो परत हातात, आणि ते सहा मॅना पाण्यात. नेहमीचा डेक घेऊन बसलेला माणूस इथे चौथ्या-पाचव्या पाळीतच गळून जातो. तोड साधी आहे, पण सुचायला वेळ लागतो. उतरवताना परिणाम करणारे स्वस्त मिनियन घ्यायचे. एल्व्हन आर्चर 1 मॅनाचा असतो आणि उतरताना 1 डॅमेज करतो. मॅक्स्ना त्याला परत पाठवते, तुम्ही तो पुन्हा उतरवता, पुन्हा 1 डॅमेज. तिची ताकद तुमचाच दारूगोळा भरून देते. माणसाविरुद्ध असा डेक घेऊन गेलात तर दोन मिनिटांत हराल, पण त्या एका कोळिणीसाठी तो बांधावा लागतो. बॉस-लढतीची खरी गंमत मला कायम इथेच वाटत आली आहे: डेक सगळ्यांसाठी नाही, एकासाठी बांधायचा.

आता बक्षिसाची गोष्ट. नॅक्सरामासमध्ये 30 नवी कार्डं होती आणि पॅकमधून त्यातलं एकही निघत नव्हतं. ती फक्त बॉस हरवून, विंग पूर्ण करून आणि प्रत्येक क्लासचं (मेज, पॅलाडिन अशा हिरोंच्या प्रकारांचं) आव्हान पार करून मिळायची. पहिली विंग सुरुवातीच्या काळात फुकट होती, पुढच्या चार प्रत्येकी 700 गोल्ड (खेळून मिळणारं गेममधलं चलन) किंवा खरे पैसे. रोजच्या क्वेस्टमधून (ठरवून दिलेल्या कामगिरीतून) साधारण 40 ते 60 गोल्ड मिळायचं. म्हणजे 2800 गोल्ड जमवायला दोन महिने लागायचे, पण ते जमले की पूर्ण संच तुमचा. त्यात नशिबाचा भागच नव्हता. 2015 च्या एप्रिलमध्ये गेम फोनवर आला तेव्हा नाशिकच्या हॉस्टेलांमधल्या पोरांना हे गणित फार जवळचं वाटलं होतं. तेव्हा एक जीबी डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास पडायचे, गेम कोणाच्या तरी वायफायवर डाउनलोड करून घ्यावा लागायचा आणि क्रेडिट कार्ड वडिलांच्या पाकिटात असायचं. पैसे न घालता स्पर्धेत उभं राहण्याचा तो सर्वात सरळ रस्ता होता.

या पद्धतीला दुसरी बाजूही होती आणि ती खोटी नव्हती. लढती सगळ्यांना सारख्या, म्हणजे कार्डंही सगळ्यांकडे सारखी. पुढचे कित्येक महिने ज्याच्या-त्याच्या डेकमध्ये लोथेब आणि स्लज बेल्चर ही त्यातलीच कार्डं दिसायची. अंडरटेकर हे कार्ड तर इतकं माजलं की 2015 च्या जानेवारीत त्याची ताकद कमी करावी लागली. स्पर्धेत टिकायचं तर विंग घ्यावीच लागते, ज्याला बॉस आवडत नाहीत त्यालाही, ही तक्रार तेव्हापासूनची. तरीही त्याच साच्यातून 2015 मध्ये आधी ब्लॅकरॉक माउंटन आणि मग लीग ऑफ एक्सप्लोरर्स निघाले, 2016 च्या ऑगस्टमध्ये काराझान. लढतींची कल्पकता वाढतच गेली. लीग ऑफ एक्सप्लोरर्समध्ये तर कोसळत्या मंदिरातून पळताना समोर मारायला कोणी नव्हताच, फक्त दहा पाळ्या जगायचं होतं. काराझानमध्ये बुद्धिबळाचा पट मांडलेला होता.

मग 2016 च्या एप्रिलमध्ये स्टँडर्ड फॉरमॅट आला, आणि जो निर्णय आजही वादाचा आहे तो याच वेळचा.

दरवर्षी जुने संच स्पर्धेतून बाद करायचे, म्हणजे नव्या खेळाडूला सगळं जुनं जमवावं लागणार नाही, हा स्टँडर्डचा हेतू. तो योग्यच होता. नॅक्सरामासची कार्डं स्टँडर्डमधून गेली याबद्दल फारशी कोणाची तक्रार नव्हती. पण त्याबरोबर नॅक्सरामास दुकानातूनही काढलं गेलं. ज्यांनी निदान पहिली विंग आधी घेतली होती त्यांना उरलेल्या विंग गोल्ड देऊन घेता येत होत्या. ज्यांनी घेतली नव्हती त्यांच्यासाठी दार बंद. त्याच वेळी ती 30 कार्डं डस्ट (नको असलेली कार्डं मोडून मिळणारी पूड) घालून बनवायची सोय मात्र दिली गेली.

म्हणजे कार्डं खुली झाली आणि लढती कुलूपबंद. कार्डांचा आणि स्टँडर्डचा संबंध होता, तो समजतो. पण पंधरा बॉस एकट्याने खेळायचे असतात. मॅक्स्नाशी कोणी झुंजत बसला तर रँकवरच्या (माणसाविरुद्धच्या क्रमवारीतल्या) कोणाच्या डावाला धक्का लागत नाही. कार्ड जुनं होतं तसं कोडं जुनं होत नाही. नव्या माणसाला दुकानात खूप वस्तू दिसल्या तर तो गोंधळतो, अशी बाजू मांडली गेली. ती खरी धरली तरी दुकानातून लपवणं आणि कायमचं नाकारणं यात फरक आहे. विंग गोल्डवर मिळत असताना गेमला त्यातून थेट पैसा येत नव्हता, हेही विसरता येत नाही.

आपल्याकडे त्याची वेळ फारच वाईट जुळून आली. स्टँडर्ड आला एप्रिल 2016 मध्ये आणि स्वस्त 4जी आलं त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. सातपूर-अंबडच्या भाड्याच्या खोल्यांत, पंचवटीत, नाशिक रोडला ज्या पोरांच्या फोनवर हा गेम त्या दिवाळीत पहिल्यांदा चढला, त्यांच्यासाठी नॅक्सरामास काही महिन्यांपूर्वीच बंद झालेलं होतं. 2017 च्या एप्रिलमध्ये ब्लॅकरॉक आणि लीग ऑफ एक्सप्लोरर्सही त्याच वाटेने गेले. त्याच वर्षीच्या जुलैत जुनी साहसं पुन्हा विकायला ठेवली गेली, पण वेबसाइटवर आणि फक्त खऱ्या पैशांत. गोल्ड साठवून बसलेल्यांना त्याचा उपयोग शून्य. आज जे जुने खेळाडू आणि नवे खेळाडू एकमेकांशी वाद घालतात त्यांच्यातली रेघ वयाची नाही, या काही महिन्यांची आहे.

2017 च्या फेब्रुवारीत दुसरी घोषणा झाली: साहसांच्या जागी वर्षाला तीन मोठे विस्तार, प्रत्येकी सुमारे 130 कार्डं, सगळी पॅकमधून. बॉस राहतील, पण फुकट आणि कार्डांपासून सुटे. यात बॉसचं भलं झालं हे मान्य करायलाच हवं. कार्डांची जबाबदारी डोक्यावरून उतरल्यावर त्या लढती पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने क्रूर होऊ शकल्या, कारण कोणाचा डेक अडून राहणार नव्हता. ऑगस्ट 2017 चा लिच किंग प्रत्येक क्लासला वेगळी शिक्षा द्यायचा; मेज घेऊन गेलात तर तुमची हेल्थ थेट 1. नऊही क्लासने त्याला हरवलं की पॅलाडिन क्लाससाठी आर्थस या पात्राचा चेहरा मिळायचा, खेळात त्याचा फायदा काही नाही. तो मिळवण्यासाठी लोकांनी रात्री घालवल्या.

त्याच डिसेंबरात आलेल्या डंजन रनने तर तुमचं कलेक्शनच बाजूला ठेवलं. 10 कार्डांचा डेक, 15 हेल्थ, समोर एकामागून एक आठ बॉस. जिंकलात की तीन-तीन कार्डांच्या तीन गठ्ठ्यांतला एक उचलायचा, मधूनमधून नियम मोडणारं एखादं खजिन्याचं कार्ड घ्यायचं, हेल्थ 5 ने वाढणार. हरलात की पहिल्यापासून. बॉस एकूण 48, पुढे कोण येईल ते ठरलेलं नाही, त्यामुळे एकासाठी डेक बांधायची जुनी युक्ती इथे चालत नाही. स्ले द स्पायर हा असाच, हरलं की पहिल्यापासून सुरू करायचा कार्ड गेम त्याच्या महिनाभर आधी अर्ली अॅक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच विक्रीला) आला होता. या प्रकारच्या खेळाची हवा तेव्हा सगळीकडेच होती. एक पैसा न भरलेला आणि हजारो भरलेला दोघेही डंजन रनमध्ये सारख्याच जागी उभे असायचे. पण रँकवर लागणारी कार्डं आता फक्त 100 गोल्डच्या पॅकमध्ये होती, आणि पॅकमध्ये काय निघेल ते कोणी सांगू शकत नव्हतं. लढती फुकट झाल्या त्याची किंमत तिथे मोजली गेली, असं माझं मत आहे.

पुढचा प्रवास नागमोडी आहे. 2019 च्या मे महिन्यात डालारान हाइस्टबरोबर 700 गोल्डच्या विंग परतल्या, बक्षीस मात्र पॅकचं. त्याच सप्टेंबरातल्या टूम्स ऑफ टेररमध्ये 300 हेल्थचे प्लेग लॉर्ड आले. तुम्ही हरलात तरी त्यांची जखम भरायची नाही, पुढचा प्रयत्न तिथूनच. जानेवारी 2020 मध्ये गॅलाक्रॉन्ड्स अवेकनिंगने 35 कार्डं पुन्हा एकदा बॉसमागे ठेवली. नॅक्सरामासची पद्धत जणू परतली होती. वर्षभराने त्या जागी मिनी-सेट आले: 35 च कार्डं, पण पॅकमधून किंवा एकगठ्ठा विकत. बॉस हरवून ठरलेलं कार्ड मिळण्याची पद्धत तिथे थांबली. बुक ऑफ हिरोजच्या फुकट कथा त्यानंतर काही काळ येत राहिल्या, मग त्याही आटल्या. डंजन रनच्या साच्यावर माणसाविरुद्ध खेळायचा ड्युएल्स मोड 2024 मध्ये काढून टाकला गेला.

घरच्यांचा एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. आपल्याकडे मोबाईलवर पत्ते म्हटलं की रमी आणि तीन पत्तीच डोळ्यांसमोर येते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या कायद्याने बंदी आली, तेव्हा हे गेमही बंद होणार का, अशी विचारणा झाली. बॉसशी खेळताना पैसा लावला जात नाही आणि जिंकून पैसा मिळतही नाही. पॅकवर होणारा खर्च हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्यावर घरात बोलायलाच हवं.

लेजंड्स ऑफ रुनटेरा हा 2020 चा कार्ड गेम हार्थस्टोनच्या उलट दिशेने गेला. सुरुवात माणसाविरुद्धच्या डावांनी झाली आणि त्यात कार्डं मिळवणं मुद्दाम स्वस्त ठेवलं होतं. लोकांनी कौतुक केलं, पण पैसा आला नाही. 2021 मध्ये त्यात पाथ ऑफ चॅम्पियन्स हा एकट्याने खेळायचा मोड आला: एक चॅम्पियन निवडायचा, नकाशावरच्या शत्रूंना ओलांडत बॉसपर्यंत पोचायचं, हरलं तरी चॅम्पियनची पातळी वाढत राहते. ऑरेलियन सोलला पाडण्यासाठी आठवडेच्या आठवडे त्याच चॅम्पियनला घडवणारे लोक तिथे आहेत. जानेवारी 2024 मध्ये, मोठ्या नोकरकपातीबरोबरच, पुढचा भर याच मोडवर राहील असं जाहीर झालं. तिथे जे मिळतं ते चॅम्पियनच्या वाढीसाठी मिळतं आणि बॉसविरुद्धच वापरलं जातं. माणसाविरुद्धच्या डेकमध्ये ते नेताच येत नाही.